रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची छपाई पेटी आणि १२७ ठिपक्यांचा अंगरखा : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

वस्त्ररचनेच्या शेवटच्या वर्षाला आम्हांला अंगावर घालता येईल अशी एक कलाकृती करायची असते. मी ठिपक्यांची रांगोळी हा विषय घेतला आणि ती सुती अंगरख्याच्या पाठीवर छापायचे ठरवले. प्रदर्शनाच्या दिवशी पुतळ्यावर चढवून नंतर कपाटात ठेवण्याचे वस्त्र मला करायचे नव्हते. ते पुण्याच्या बसमध्ये घालता यावे, घामाने भिजावे, घरच्या बादलीत धुतले जावे आणि तरीही त्यावरचा ठिपका ठिपकाच राहावा, अशी माझी अट होती. म्हणून बाइंडरने, म्हणजे चिकटद्रव्याने, कापडावर बसवायचे पिगमेंट रंग बाजूला ठेवून मी रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची तयार छपाई पेटी ऑनलाइन मागवली. तिची किंमत १,८५० रुपये पडली. विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अशा पेटीत काय असते, काय नसते आणि तिच्यावर आपल्याला किती भर घालावी लागते, हे कोणाचीही पेटी घेणाऱ्याच्या उपयोगाचे आहे.

पेटीत पिवळा, लाल, निळा, फिरोजी आणि काळा अशा पाच रंगांच्या प्रत्येकी २० ग्रॅम भुकटीच्या डब्या, १०० ग्रॅम सोडियम अल्जिनेट, २५० ग्रॅम युरिया, खाण्याच्या सोड्याची एक पुडी, वाफवताना रंग फिका पडू नये म्हणून घालायच्या रेझिस्ट सॉल्टची एक पुडी, लाकडी चौकटीवर ताणलेली ४३ टी जाळीची एक स्क्रीन, जाळीवरून रंग ओढायची रबरी पट्टीची स्क्वीजी आणि चार पानी पत्रक एवढे साहित्य आले. रंग ‘कोल्ड ब्रँड’, म्हणजे बाजारात ज्यांना एम ब्रँड म्हणतात ते आहेत. या रंगांचे कूळ १९५६ सालचे आहे. रॅटी आणि स्टीफन या रसायनज्ञांच्या शोधातून आयसीआय या ब्रिटिश कंपनीने त्या वर्षी ‘प्रोशन’ नावाने हे रंग बाजारात आणले. त्यापूर्वीचे रंग सुती धाग्याला चिकटत, त्यात शिरून बसत किंवा रंगबंधकाच्या आधाराने टिकत; या रंगाचा रेणू मात्र अल्कलीच्या (सोड्यासारख्या क्षाराच्या) सान्निध्यात सेल्युलोजशी, म्हणजे कापसाच्या मूळ घटकाशी, रासायनिक बंध करतो आणि धाग्याचाच भाग होतो. पिगमेंटने छापलेल्या जागी कापडावर पातळ कातडी ओढल्यासारखा स्पर्श लागतो, तसा तो येथे लागत नाही, याचे कारण हेच. डोळे मिटून अंगरख्याच्या पाठीवरून हात फिरवला तर छापील भाग कोठे सुरू होतो हे कळत नाही. अंगावर घालायच्या कलाकृतीसाठी मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

रंगांच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. पिवळा, लाल आणि निळा एकमेकांत मिसळून अपेक्षित छटा देतात, भुकटीत गुठळ्या नव्हत्या आणि प्रत्येक डबीवर तयार केल्याची तारीख होती. तारखेला महत्त्व आहे, कारण दमट हवेत हे रंग डबीतच हळूहळू निकामी होतात. मात्र पेटीत मुखपट्टी नाही आणि पत्रकात तिचा उल्लेखही नाही. ही उणीव गंभीर आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची कोरडी भुकटी नाकावाटे फुप्फुसात गेल्यास काहींना श्वसनाची अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा ती झाली की पुढे अल्प मात्राही त्रास देते. घरी छापणाऱ्या विद्यार्थ्याला हे कोणी सांगत नाही. भुकटी मोजताना पंखा बंद ठेवावा, मुखपट्टी आणि हातमोजे घालावेत, टेबलावर ओले वर्तमानपत्र अंथरावे आणि ती एकदा पाण्यात कालवली गेली की मगच पंखा लावावा.

आता प्रमाणांकडे येते. पत्रकातील कृतीप्रमाणे १ किलो छपाईच्या पेस्टसाठी ३० ग्रॅम रंग, १०० ग्रॅम युरिया, पेस्टला दाटपणा देणारा ५०० ग्रॅम अल्जिनेटचा गम, १० ग्रॅम रेझिस्ट सॉल्ट, १५ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि उरलेले पाणी लागते. ही कृती योग्य आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही जवळपास हीच वापरतो. पण हिशेब केला तर पेटीतल्या १०० ग्रॅम रंगापासून सुमारे ३.३ किलो पेस्ट होते आणि तिला ३३० ग्रॅमच्या वर युरिया लागतो, तर पेटीत तो २५० ग्रॅमच आहे. शेवटच्या डबीला युरिया उरत नाही. अनेक जण अशा वेळी खताच्या दुकानात जातात. तसे करू नये. २०१५ पासून शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, आणि तो लेप पेस्टमध्ये येणे छपाईच्या हिताचे नाही. रसायनांच्या दुकानात मिळणारा साधा युरिया घ्यावा.

युरियाचे काम पेस्टमध्ये ओलावा धरून ठेवण्याचे आहे. रंग धाग्याशी बांधला जायचा तर रेणूला हलायला पाणी हवे. छापलेले कापड पूर्ण कोरडे झाले की ती क्रिया थांबते. ही गोष्ट मला ऋतू बदलल्यावर खऱ्या अर्थाने समजली. एप्रिलमध्ये छापलेल्या नमुन्यावर ३ मिलिमीटरचा ठिपका ३ मिलिमीटरच राहिला. त्याच प्रमाणांची ताजी पेस्ट, तीच स्क्रीन आणि तेच कापड घेऊन जुलैमध्ये छापले, तेव्हा हवेतल्या दमटपणामुळे युरियाने इतके पाणी ओढले की ठिपका पसरून साडेचार मिलिमीटरच्या आसपास गेला आणि त्याच्या कडेला पाण्यासारखी झाक आली. पावसाळ्यात युरिया निम्मा केल्यावर ठिपके पुन्हा आवरले गेले. पत्रकात ऋतूचा उल्लेखच नाही. फुलापानांची मोठी नक्षी छापणाऱ्याच्या हे ध्यानातही येणार नाही, परंतु रांगोळीत ठिपका फुगला की दोन ठिपक्यांमधली रेषा गुदमरते.

याहून मोठी अडचण गमची झाली आणि तिने माझा एक आठवडा घेतला. अल्जिनेट समुद्री शेवाळापासून मिळते. सुती कापडाच्या इतर छपाईत स्टार्चचा किंवा इतर झाडांचा गम चालतो, येथे चालत नाही, कारण ज्या हायड्रॉक्सिल गटांशी रंगाचा बंध होतो, ते सेल्युलोजसारखेच स्टार्चमध्येही असतात. रंग कापडाशी बांधला जाण्याऐवजी गमशीच बांधला जातो आणि छापील जागा खळ घातल्यासारखी ताठ राहते. अल्जिनेटवरचा ऋण विद्युतभार ऋणभारित रंगाला दूर ठेवतो, म्हणून धुताना गम निघून जातो आणि रंग राहतो. पत्रकात लिहिल्याप्रमाणे मी लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम अल्जिनेट शिंपडून, ढवळून, रात्रभर ठेवले. सकाळी गुळगुळीत गमऐवजी साबुदाण्यासारखे गोळे दिसले. घोटले, गाळले, पुन्हा घोटले, तरी ते गोळे स्क्रीनच्या जाळीत अडकत राहिले आणि प्रत्येक छापात पाचसहा ठिपके गायब होऊ लागले. अल्जिनेट भेसळीचे आले असे समजून मी तक्रार लिहायला घेतली होती, पण तोच डबा प्रयोगशाळेत नेऊन ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवला आणि गम काचेसारखा स्वच्छ झाला. दोष आमच्या वसतिगृहाच्या बोअरच्या पाण्याचा होता. जड पाण्यातले कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींशी बांधते आणि गमची जेली करते. लिटरभर पाण्यात आधी ५ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट विरघळवले की ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि मग हाच गम बोअरच्या पाण्यातही नीट होतो. दहा-वीस रुपयांची ही पुडी पेटीत का नाही, हा प्रश्न मला आजही पडतो. आपल्याकडच्या कितीतरी गावांत आणि उपनगरांत पाणी जड आहे. तेथला नवशिक्या विद्यार्थी ‘आपल्याला जमत नाही’ असे समजून पेटी माळ्यावर टाकेल, याचे मला वाईट वाटते.

कापड पेटीत येत नाही आणि ते योग्यच आहे. मी रविवार पेठेतून मांजरपाट आणि कॅम्ब्रिक (बारीक, गुळगुळीत विणीचे सुती कापड) असे दोन प्रकार घेतले. दोन्हींमध्ये खळ होती. धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळल्यानंतर कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो लगेच शोषला गेला तर कापड छपाईला तयार समजावे, मण्यासारखा वर थांबला तर पुन्हा उकळावे. मांजरपाटाच्या उकळलेल्या तुकड्यावर रंग खोल उतरला, पण धाग्यातल्या गाठींमुळे ठिपक्याची कड तुटली, म्हणून अंगरख्यासाठी कॅम्ब्रिक निवडले.

स्क्रीनबद्दल थोडक्यात सांगते. ४३ टी, म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे, ही जाळी कापडाच्या छपाईला अगदी योग्य आहे आणि स्क्वीजीचे रबरही चांगले आहे. पण जाळी सैल ताणली होती. मधोमध बोटाने दाबल्यावर ती खाली झुकत असे, आणि दुसरा हात मारताना ठिपका अर्धा मिलिमीटर सरकत असे. मी चौकट उघडून जाळी पुन्हा ताणून घेतली. ज्याला ते जमत नाही त्याने या स्क्रीनवर बारीक काम करू नये.

अंगरख्याची पाठ १३ ते ७ ठिपक्यांच्या रांगोळीची आहे. मधली ओळ १३ ठिपक्यांची, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी होत ७ पर्यंत, अशा १३ ओळींत १२७ ठिपके बसतात. दोन ठिपक्यांत २ सेंटिमीटर अंतर ठेवल्यावर मधली ओळ २४ सेंटिमीटर रुंद होते, म्हणजे ती दोन खांद्यांच्या मध्ये नेमकी बसते. आधी कापड धुऊन आटवून घेतले, मग पाठ, पुढचे भाग, कळ्या आणि बगलेचे चौकोनी तुकडे त्यावर पेन्सिलीने आखले आणि कापण्यापूर्वीच छापले, कारण कापलेल्या तिरक्या कळीवर स्क्रीन ठेवली की कापड ओढले जाते आणि शिवताना ठिपक्यांच्या ओळी जुळत नाहीत. ठिपके स्क्रीनने छापले, पण त्यांना जोडणाऱ्या रेषा मी तीच पेस्ट मेंदीच्या कोनात भरून हाताने ओढल्या. त्यासाठी गमचे प्रमाण थोडे वाढवावे लागले. अंगणात चिमटीतून रांगोळी सुटताना जशी रेषा वळणावर किंचित जाड होते, तशीच ती येथे झाली. पेटीच्या जाहिरातीत ‘हुबेहूब एकसारखी छपाई’ असे शब्द आहेत. ठिपक्यांच्या बाबतीत ते खरे ठरले, आणि रेषांच्या बाबतीत मला ते नकोच होते.

पत्रकातल्या एका वाक्याशी माझा तीव्र मतभेद आहे. ‘छापलेले कापड वाळल्यावर पाच मिनिटे इस्त्री करावी, रंग पक्का होतो’, असे तेथे लिहिले आहे. हे वाक्य पिगमेंट रंगांच्या पत्रकातून उचललेले असावे असे मला वाटते. कारखान्यात कोरड्या उष्णतेनेही रिअ‍ॅक्टिव्ह छपाई पक्की करतात हे खरे, परंतु तेथे सुमारे १५० अंश तापमान सर्व कापडाला सारखे आणि मोजून मिळते. घरची इस्त्री ते देत नाही. शिवाय पेस्टमध्ये खाण्याचा सोडा आहे, आणि तो मुळात सौम्य अल्कली आहे. वाफेच्या उष्णतेने त्याचे धुण्याच्या सोड्यात रूपांतर होते आणि तेव्हा कोठे रंगाला हवी तेवढी अल्कली मिळते. मी एकाच कापडाचे दोन तुकडे केले. एकाला पत्रकाप्रमाणे इस्त्री केली, दुसरा जुन्या धोतराच्या कापडात सैल गुंडाळून मोदकपात्रात १५ मिनिटे वाफवला. मोदकपात्र याच कामासाठी वेगळे घेतले आहे. ज्यात रंग वाफवले त्यात पुन्हा काही शिजवू नये. झाकणाखाली जाड फडके बांधावे, नाहीतर वाफेचे थेंब छपाईवर पडून डाग पडतात.

दोन्ही तुकडे धुऊन प्रयोगशाळेत क्रॉकमीटरवर घासले. आयएसओ १०५-एक्स१२ या मानकाप्रमाणे पांढरे सुती फडके ९ न्यूटन दाबाने १० वेळा मागेपुढे घासले जाते आणि फडक्यावर किती रंग उतरला ते करड्या पट्टीवर १ ते ५ अशा गुणांत मोजतात. ५ म्हणजे काहीच उतरला नाही. वाफवलेल्या लाल आणि निळ्या ठिपक्यांना कोरड्या घर्षणात ४-५ आणि ओल्या घर्षणात ४ गुण मिळाले. इस्त्री केलेल्या तुकड्याला ओल्या घर्षणात २-३ मिळाले, आणि त्याहून वाईट म्हणजे धुताना त्याचा निम्म्याहून अधिक रंग पाण्यात गेल्याने लालाचा गुलाबी झाला होता. विकत घेणाऱ्याला हा फरक पहिल्या धुण्यानंतरच कळेल, आणि दोष तो रंगाला देईल.

वाफवलेल्या तुकड्यातही फिरोजी मागे पडला. त्याचे कारण विक्रेत्याकडे नाही. फिरोजी रंगाचा रेणू थॅलोसायनिन जातीचा, आकाराने मोठा आणि प्रतिक्रियेला मंद असतो. तो धाग्यात सावकाश शिरतो आणि न बांधला गेलेला भाग धुताना सावकाश निघतो. त्याला १५ ऐवजी २५ मिनिटे वाफ दिल्यावर फरक पडला, तरी त्याची बरोबरी निळ्याशी झाली नाही. पाचही रंगांना एकच वेळ सांगणारे पत्रक येथे पुन्हा अपुरे पडते. काळ्याचेही तसेच : ३० ग्रॅमच्या प्रमाणात तो राखाडी दिसतो, खऱ्या काळ्यासाठी रंगाची मात्रा दुप्पट करावी लागते, आणि २० ग्रॅमची डबी मग एका अंगरख्यातच संपते.

तयार पेस्ट ‘आठवडाभर टिकते’ हे पत्रकातले विधानही खरे नाही. सोडा घातल्या क्षणापासून रंग पाण्याशीही प्रतिक्रिया करू लागतो, आणि पाण्याशी बांधला गेलेला रेणू पुन्हा कापडाशी बांधला जात नाही. माझ्या नमुन्यांत तिसऱ्या दिवशीची छटा पहिल्या दिवसापेक्षा स्पष्ट फिकी होती. रंग, युरिया आणि गम एकत्र करून ठेवावेत व सोडा छापण्याच्या दिवशीच घालावा. धुण्याबाबतही क्रम महत्त्वाचा आहे. आधी भरपूर थंड पाणी, कापड घडी न घालता उघडे धरून. सोडा आणि गम निघाल्यावर गरम पाणी. आणि शेवटी सौम्य साबणात उकळी. थेट गरम पाण्यात टाकले की सुटलेला रंग शिल्लक अल्कलीमुळे पांढऱ्या जागेवर बसतो. माझ्या पहिल्या पाठीची पांढरी जमीन अशीच गुलाबी झाली आणि ती पूर्ण पाठ पुन्हा छापावी लागली.

अंगरखा मेअखेर शिवून झाला. तेव्हापासून तो मी आणि माझी मैत्रीण आलटून पालटून घालत आहोत, आणि आतापर्यंत तो २२ वेळा धुतला गेला आहे. पाठीवरचे लाल आणि निळे ठिपके पहिल्या दिवशीसारखे आहेत. बगलेत, जेथे घाम आणि घर्षण दोन्ही असते, तेथे निळा किंचित उतरला आहे, पण डाग धरलेला नाही. डाव्या बाहीवरची फिरोजी ओळ फिकी झाली आहे. ती मी सुरुवातीला १५ मिनिटेच वाफवली होती. कापड अजून मऊ आहे. ज्या दिवशी चिंचवडहून बसने येताना एका आजींनी मागून हाक मारून ‘तेरा ते सात ना गं?’ असे विचारले, त्या दिवशी ठिपका मोजता येण्याइतका स्वच्छ राहिला आहे याची मला प्रयोगशाळेतल्या गुणांपेक्षा पक्की खात्री पटली.

ही पेटी घ्यावी का, तर ज्याला एकदा हाताने करून पाहायचे आहे आणि पाचही रसायने वेगवेगळी शोधण्याची सोय नाही, त्याने घ्यावी. जो पुण्या-मुंबईत राहतो त्याने रंग आणि अल्जिनेट सुटे घ्यावेत आणि वाचलेल्या पैशांत चांगली ताणलेली स्क्रीन करून घ्यावी, असे मी सुचवेन. कोल्ड ब्रँड रंग लोकर किंवा रेशमावर वापरायचे असतील तर कृती वेगळी आहे आणि पॉलिएस्टरवर ते बसतच नाहीत. पत्रकाच्या मुखपृष्ठावरचे ‘सर्व कापडांसाठी’ हे शब्द पाहून कोणी पॉलिएस्टरची ओढणी छापायला घेऊ नये.

विक्रेत्याला मी स्क्रीनची सैल जाळी, युरियाचे प्रमाण, जड पाणी आणि इस्त्रीचे वाक्य यांविषयी सविस्तर पत्र पाठवले होते. चार दिवसांत उत्तर आले आणि नवी, नीट ताणलेली स्क्रीन मोफत पाठवली गेली. तिच्यासोबत युरियाची २५० ग्रॅमची आणखी एक पिशवीही होती. खोक्यात पत्रकाची नवी प्रत होती. तीत मुखपट्टी आणि हातमोज्यांची सूचना पहिल्या पानावर आली आहे, पण इस्त्रीचे वाक्य तिसऱ्या पानावर जसेच्या तसे आहे, आणि त्यासाठी मी दुसरे पत्र क्रॉकमीटरवर घासलेल्या दोन्ही फडक्यांसह परवाच टपालात टाकले आहे.